विकतचे डाग

कॅफेत मेनूकार्ड हातात आलं की मी ‘कॉफी’च्या स्पेलिंगमधले शेवटचे दोन ‘ई’ आधी बघतो. अक्षरं मुद्दाम टाइपरायटरची, झिजकी, शाई फुटलेली असली, की दोन्ही ‘ई’च्या पोटात डाग हमखास एकाच जागी, एकाच मापाचा. खऱ्या मशीनवर खिळा तोच असला तरी बोटाचा जोर बदलतो, रिबन पुढे सरकलेली असते, त्यामुळे उन्नीस-बीस होतंच. साध्या फॉन्टमध्ये मात्र एका अक्षराचं एकच चित्र. लाख वेळा छापा, डाग जागचा हलत नाही.

या फॅशनचा एक मूळपुरुष म्हणजे ‘ट्रिक्सी’ हा फॉन्ट. डच डिझायनर एरिक व्हान ब्लोकलँड यांनी मशीनवर टाइप केलेल्या खऱ्या अक्षरांवरून तो बनवला. १९९१ साली तो बाजारात आला. ‘द एक्स-फाइल्स’ या अमेरिकी मालिकेच्या नावासाठी तो वापरला गेला आणि झिजलेलं अक्षर दिसलं की फाइल गोपनीयच, असं लोकांच्या डोक्यात बसलं. पुढे ट्रिक्सीच्या सुधारित आवृत्तीत एकेका अक्षराला अनेक रूपं दिली. ती आलटून पालटून येतात. संगणकाला नीट चुकायलाही शिकवावं लागतं, ते असं.

आपल्याकडे टायपिंगच्या क्लासात हेच डाग घालवण्यासाठी ब्रश घेऊन खिळे घासत. ‘ओ’चं पोट भरलं तर पिनेनं कोरायचं. सरकारी परीक्षेत तीसचा नाहीतर चाळीसचा स्पीड गाठायचा, वर कागद स्वच्छ हवा. तेव्हा ज्याचे गुण जायचे, त्याचे आता पैसे मोजायचे!

मराठी मशीनची तर तऱ्हाच वेगळी. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. ख, ध, भ, श, ण ही मंडळी अर्धीच उमटायची. काना दिला की पूर्ण. मशीन जुनं झालं की अर्धं अक्षर आणि काना यांचं जमेनासं व्हायचं, शिरोरेषेला मध्येच फट पडायची. देवनागरीत जुनेपणा आणायचा तर नुसते शाईचे शिंतोडे उडवून भागणार नाही, ही फट आणावी लागेल. खरंच कुणी असा फॉन्ट काढला तर मी घेईन.

वापरायचा कुठे, हा प्रश्न आहेच. इंग्रजीत त्या अक्षराला गुप्तहेरांचं वलय मिळालं. मराठीत ते बदलीच्या हुकमाचं, कोर्टाबाहेरच्या प्रतिज्ञापत्राचं, थकबाकीच्या नोटिशीचं अक्षर. चि. आणि चि. सौ. कां. यांची नावं त्यात छापली, तर माझ्या वयाचा पाहुणा मुहूर्त वाचण्याआधी खाली सही-शिक्का शोधेल, आणि मग हळूच विचारेल, ‘‘उत्तर किती दिवसांत द्यायचंय?’’