चवळीच्या लशीची तारीख

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकते. "चवळीच्या विषाणूची ती कॅन्सरची लस माणसांना कधी मिळणार?" लग्नात, फॅमिली ग्रुपवर, सगळीकडे हाच प्रश्न. आणि त्याला जोडून, "कंपन्या दाबून ठेवतात ना?" नाही हो. दाबून ठेवण्याइतकं काही तयार तरी व्हायला हवं.

चवळीच्या पानांवर चट्टे पाडणारा हा ३० नॅनोमीटरचा कण माणसाच्या पेशींत वाढत नाही. पण थेट गाठीत टोचला की प्रतिकारपेशी खडबडून जाग्या होतात, त्याच्याबरोबर गाठीचे अवशेषही गिळतात आणि शरीरातल्या लढाऊ टी-पेशींना 'हा शत्रू' म्हणून दाखवतात. २०१६ साली निकोल स्टाइनमेट्झ आणि स्टीव्हन फायरिंग या अमेरिकेतल्या संशोधकांच्या गटांनी उंदरांत हे दाखवलं. पुढे काही आजारी पाळीव कुत्र्यांतही गाठी आकसल्या. माझं काम त्याच्या बरंच आधीच्या पायरीवरचं: रोपांच्या पानांवर कार्बोरंडमची, म्हणजे पान किंचित खरवडणारी, पूड भुरभुरायची, हातमोज्याच्या बोटाने विषाणूचं पाणी चोळायचं, चट्टे उठले की पानं खुडायची.

काकांच्या तोंडात गाठ निघाली तेव्हा सांगलीहून मावशीचा फोन आला. मला वाटलं, चवळीची उसळ द्यावी का, असं विचारेल. तसंही विचारतात लोक, आणि उसळीने काही होत नाही. तिने विचारलं ते वेगळंच.

"गाठीतच टोचावं लागतं ना गं? यांची तर गालातच आहे. सुई सहज पोचेल. तू एक बाटली पाठव."

तर्क चोख होता. बाटली माझ्यामागच्या फ्रिजमध्ये होती.

"मावशी, ती उंदरांसाठी केलेली आहे. माणसाला चालेल इतकी शुद्ध आहे का, डोस किती, काहीच ठरलेलं नाही."

"मग कुत्र्यांना कशी दिली?"

"मालकांनी संमतीपत्रावर सही केली होती."

"मग यांची सही घे."

मी चिडले. असं नसतं, म्हणाले. फोन ठेवल्यावर हात थरथरत होते, आणि राग तिचा नव्हता.

पीएचडीला लागले तेव्हाची मी दिवाळीच्या फोनवर मावशीला उंदरांच्या गोष्टी रंगवून सांगायची. त्या तेव्हाच्या मला आज गप्प बसवावं का, हे ठरत नाही. ती तेव्हाची मी म्हणते, आशा वाटण्यासारखं होतं ते, खोटं काय सांगितलं? खरंच, काही नाही. चाचणीतल्या सहीमागे परवानगी असते, तपासणी असते, काही बिघडलं तर धावणारे डॉक्टर असतात. फ्रिजातल्या बाटलीमागे फक्त मी होते. उत्तर बरोबर आहे. मावशीला ते पटलेलं नाही, आणि काका गेल्यावर तिला ते पुन्हा समजावायला मी जाणार नाही.

तारीख विचारू नका. माझ्याकडे नाही.