टॅबवरचं पहिलं 'नको'

साडेचार वर्षांचा झाला तरी माझा मुलगा एक शब्द बोलत नव्हता. तहान लागली की माझा हात धरून माठापाशी न्यायचा. मला कळलं नाही तर जमिनीवर डोकं आपटायचा. ऑटिझमचं निदान आधीच झालं होतं.

स्पीच थेरपिस्टनी 'जेलो' हे ॲप सुचवलं. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं, मोफत आणि मराठीतही. मधोमध खाणं, मजा, माणसं, ठिकाणं अशी चित्रं. दोन्ही कडांना आवडतं-नावडतं, हो-नाही, अजून-कमी अशी सहा बटणं. चित्र आणि बटण दाबलं की टॅब अख्खं वाक्य बोलतो.

सासूबाई म्हणाल्या, "मशीनच बोलायला लागलं तर पोर तोंड कशाला उघडेल?" धास्ती मलाही होती. पण अशा साधनांनी बोलणं अडत नाही, उलट काही मुलांचं वाढतं, असं अभ्यासांतून दिसल्याचं थेरपिस्टनी समजावलं.

पहिले दोन आठवडे मी चुकले. बिस्किट उंच धरून "दाब, मगच देईन" म्हणायचे. तो टॅब भिरकावून द्यायचा. थेरपिस्ट म्हणाल्या, "त्याला काही विचारू नका. तुम्हीच टॅबवर बोला. तान्ह्या बाळाशी आपण वर्षभर बोलतो, ते कुठे लगेच उत्तर देतं?" मग चहा घेताना, चपला घालताना मी बटणं दाबत राहिले. सासूबाईही 'अजून' दाबून भात वाढू लागल्या. त्या टॅबवर दुसरं काही ठेवलं नाही, यूट्यूब तर नाहीच. बाहेर नेताना स्क्रीन पिन करायचो, म्हणजे दुसरं ॲप उघडत नाही, आणि चित्रांची छापील, लॅमिनेट केलेली पानंही पिशवीत ठेवायचो.

अकराव्या आठवड्यात नाश्त्याला इडली होती. त्याने इडलीचं चित्र दाबलं, मग 'नाही'. सासूबाई "एक तरी घास" म्हणेपर्यंत मी बशी उचलली होती. त्याचा पहिला शब्द वाया जाऊ द्यायचा नव्हता मला. त्या दिवशी आंघोळीलाही नको, चपलांनाही नको. आंघोळ घातली, पण "नको म्हणालास, कळलं मला" असं सांगून.

बालवाडीत टॅब 'खेळणं' ठरला, आणू देईनात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या १७व्या कलमात संवादाच्या पर्यायी साधनांचा उल्लेख आहे. तो देऊन मी पत्र लिहिलं, थेरपिस्टना सोबत नेलं. तीन खेपा झाल्या. आता डब्याच्या वेळी तिथल्या मावशीही 'अजून?' टॅबवरच विचारतात.