रोममध्ये मग्दालीया मरीयेच्या भेटीला

व्हिया देल कोर्सो म्हणजे रोममधला भर गर्दीचा, दुकानांचा रस्ता. त्यावरच ३०५ क्रमांकाच्या दारातून दोरिया पांफिली राजवाड्यात शिरायचं. आत गेलं की रस्त्याचा कलकलाट मागे पडतो. आई आणि मी तिथल्या गॅलरीत गेलो ते एकाच चित्रासाठी: इटालियन चित्रकार काराव्हाज्जोची पश्चात्तापदग्ध मग्दालीया मरीया, म्हणजे बायबलमधली येशूची शिष्या.

चित्र तसं लहानच, सुमारे सव्वा मीटर उंच. काराव्हाज्जोने ते काढलं १५९० च्या दशकाच्या मध्याला, पंचविशीच्या आसपास असताना. त्या काळातल्या बहुतेक मग्दालीया आकाशाकडे डोळे लावून असतात. शेजारी कवटी, क्रूस, विस्कटलेले केस. इथे त्यातलं काही नाही. नक्षीदार भरजरी पोशाखातली एक मुलगी बुटक्या खुर्चीत मान खाली घालून बसली आहे, केस मोकळे, हात मांडीवर. जमिनीवर तुटलेली मोत्यांची माळ, काही दागिने आणि तेलाची काचेची कुपी. नाकाच्या कडेला एकच अश्रू. तो शोधावा लागतो, पण एकदा दिसला की नजर तिथून हलत नाही.

१६७२ साली बेल्लोरी या चरित्रकाराने लिहिलं, की चित्रकाराने केस वाळवत बसलेली एक मुलगी रंगवली आणि कुपी, दागिने घालून तिला मग्दालीया ठरवलं. त्याला ती उणीव वाटली. मला तीच या चित्राची ताकद वाटते. पोप ग्रेगरीने ५९१ मध्ये प्रवचनात मग्दालीयेला शुभवर्तमानातल्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या कथेतल्या, अनाम पापी स्त्रीशी जोडलं आणि पुढची कित्येक शतकं ती पश्चात्तापाची मूर्ती होऊन राहिली. काराव्हाज्जोने त्या मूर्तीची पुन्हा मुलगी केली. आई बराच वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, “हिचं रडून झालंय गं. आता नुसती बसलीये.” आपले संत ज्याला अनुताप म्हणतात, तो मला त्या वाकलेल्या मानेत दिसला.

हे चित्र उभं राहूनच बघा. काराव्हाज्जोने तिला किंचित वरून पाहिलं आहे, त्यामुळे घरातलं कुणीतरी रुसून बसलंय आणि आपण जवळ जाऊन उभे आहोत असं वाटतं. वर भिंतीवर उजेडाचा तिरका पट्टा आहे, तोही चुकवू नका. मग याच गॅलरीतलं त्याचंच ‘इजिप्तच्या वाटेवरचा विसावा’ पाहा. त्यातली बाळ येशूला घेऊन डुलकी लागलेली त्याची आई मरीया याच मुलीवरून काढली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. दोन्ही चेहऱ्यांचा कल पाहून आम्हालाही ते पटलं.

तिकीट ऑनलाइन, वेळ ठरवून काढा आणि शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्या. संग्रह अजूनही दोरिया पांफिली घराण्याचाच आहे; जुन्या रिवाजाप्रमाणे चित्रं चौकटीला चौकट लावून छतापर्यंत टांगलेली, त्यामुळे नवख्या माणसाची नजर भांबावते. ऑडिओ गाइड जरूर घ्या, घराण्यातल्याच वंशजाच्या आवाजात आहे. स्पॅनिश चित्रकार व्हेलाझ्केझने १६५० मध्ये रंगवलेला पोप इनोसंट दहावा वेगळ्या छोट्या दालनात आहे. तो आधी पाहून घ्या, म्हणजे मग मग्दालीयेपाशी घाई होत नाही. वार्निशवर उजेड चमकतो. एक पाऊल डावी-उजवीकडे सरकलं की चेहरा स्वच्छ दिसतो.

तेर्मिनी स्टेशनवरून ६४ नंबरची बस पियात्सा व्हेनेत्सिया या चौकापर्यंत येते, तिथून गॅलरी दोन-तीन मिनिटांवर. या बसमध्ये खिसेकापूंचा उपद्रव फार, पर्स पुढे धरा.

बाहेर पडल्यावर पँथिऑनवरून दहा-बारा मिनिटं चालत सान लुइजी देई फ्रांचेझी चर्च गाठा. तिथे काराव्हाज्जोची संत मत्तयाची तीन चित्रं फुकट पाहता येतात. दुपारी चर्च काही वेळ बंद असतं, म्हणून बाराच्या आत पोचा. आणि सुटी नाणी जवळ असू द्या. चित्रांवरचा दिवा नाणं टाकल्यावर लागतो आणि थोड्या वेळाने विझतो.