७५ की ८०?

परीक्षणासाठी आलेल्या, जुन्या ध्वनिमुद्रणांच्या एका पुनर्प्रकाशित संचात १९१०च्या दशकातली, भोंग्यासमोर गायलेली एक दहा इंची तबकडी होती. गायिकेचा एकच ख्याल, मध्यलय तीनतालात, दोन बाजूंवर वाटलेला. ऐकताना आवाज चिमटल्यासारखा वाटला, म्हणून सा मोजला: २१५ हर्ट्‌झ. इथेच गाडी अडली. साथीला पेटी आहे, आणि पेटीचा सा कुठल्यातरी पट्टीवरच असणार. काळी चार म्हणजे २०७.६, पांढरी सहा म्हणजे २२०. २१५ मधेच लोंबकळतो.

सगळ्या जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांनीच फिरवायच्या, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण त्या काळात ध्वनिमुद्रकाने गव्हर्नर (यंत्राचा वेग ठरवणारा भाग) जिथे लावला तोच वेग. ७०च्या आसपासपासून ८०च्या पुढेपर्यंत काहीही. इथे तबकडीवरून संचासाठी हस्तांतर करणाऱ्याने डोळे मिटून ७८ लावलेत. काळी चार खरी मानली तर मूळ वेग साधारण ७५.३ निघतो, पांढरी सहा मानली तर ७९.८. दोन्ही शक्य! त्यात पेटीचे सूर ४४०ला (२२०च्या वरच्या सप्तकातली पांढरी सहा) लावलेले असतील असंही नाही. ते आंतरराष्ट्रीय प्रमाण १९३९चं; फ्रान्सचं १८५९पासूनचं प्रमाण ४३५ होतं. ४३५ धरलं की हिशेब आणखी सरकतो, ७४.५ किंवा ७८.९.

मूळ तबकडी गिरगावातल्या एका संग्राहकांकडे मिळाली. मुंबईच्या दमट हवेने तिच्यावर बुरशी धरलेली. अशी तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये, तिच्यातली लाख विरघळते. कोमट पाण्यात सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश, खोबणीच्या दिशेनेच, आणि लेबल कोरडं. सुई सुमारे ७५ मायक्रॉनची हवी. एलपीची बारीक सुई खोबणीच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर उचलते. प्रीअँपमधली (सुईचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या यंत्रातली) आरआयएए दुरुस्ती, म्हणजे एलपीसाठीची खर्ज-तार जुळवणी, बंद, कारण ती १९५०च्या दशकातली आहे. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो केलं की सुईच्या वरखाली हालचालीतून येणारा बराच गोंगाट कटतो.

७५.३वर 'आ'कार मोकळा झाला, ताना घाईतून सुटल्या. ७९.८वर तबल्याची चाट (काठावरचा आघात) पत्र्यासारखी वाजते. दोन्ही बाजूंचे मॅट्रिक्स क्रमांक (ध्वनिमुद्रणाचे अनुक्रमांक) लागोपाठचे आणि सा अगदी तोच, म्हणजे मधे गव्हर्नरला हात लागलेला नाही. एवढ्यावर माझा कौल ७५कडे आहे. पण कान हा पुरावा होत नाही, आणि पेटी कुठल्या सुराची होती हे आता कोण सांगणार?

संगीताचं खरं नुकसान मात्र जोडणीत झालंय. पहिल्या बाजूच्या शेवटी मुखडा समेवर येतो. तिथली खरखर लपवायला दुसरी बाजू लगेच चिकटवली, आणि दोन मात्रा गेल्या. सोळाचं आवर्तन चौदाचं झालं. हे ऐकून शिकणारा विद्यार्थी गायिकेला बेताल ठरवील. शिवाय गोंगाट काढताना कणस्वर (मुख्य स्वराला ओझरते लागणारे स्वर) आणि तानांची शेपटं पुसली गेली आहेत. लाखेच्या तबकडीत दगडाची पूड मुद्दाम घालत, लोखंडी सुई घासून खोबणीला बसावी म्हणून; ती खरखर तिच्या घडणीतच आहे. थोडी राहू द्यायला हवी होती. पुस्तिकेत घराण्याच्या आख्यायिकांना पानंच्या पानं, आणि सुई, वेग, मूळ प्रत यांवर एक ओळ नाही. हे मला अक्षम्य वाटतं.

परीक्षणात मी दोन्ही वेग हिशेबासह दिले आहेत. संच घेतलेल्यांनी कुठल्याही ध्वनिसंपादकात वेग ३.४ टक्क्यांनी कमी करावा. सूर कायम ठेवणारा पर्याय मात्र बंद असू द्या, सूर आणि लय दोन्ही एकत्रच उतरायला हवेत. दोन मात्रा त्याने परत येणार नाहीत, त्यासाठी मूळ तबकडीच हवी.