रांजणगावहून सिद्धटेक, वाटेत इनामगाव

रांजणगावच्या गणपतीचं दर्शन अर्ध्या तासात झालं आणि पार्किंगमधून गाडी बाहेर काढायला त्याहून जास्त वेळ गेला. रांजणगावबद्दल एवढंच.

सिद्धटेक गाठायच्या आधी मी घोड नदीकाठच्या इनामगावकडे गाडी वळवली. आई लगेच म्हणाली, "तिथे कुठला देव?" देव नाही, तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव आहे म्हटल्यावर तिने पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. एप्रिलचं ऊन, चूक माझीच.

बघण्यासारखं तिथे काही नाही, हे आधीच सांगते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे खणलं; सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञ मंडळींचं काम. ताम्रपाषाण युगातल्या शेतकऱ्यांची ही वस्ती, साधारण इ.स.पू. १६०० ते ७००. शंभराहून जास्त घरं सापडली, बांध घालून पाटाने पाणी खेळवल्याच्या खुणा सापडल्या. ते खड्डे कधीच बुजले. फलक मला तरी दिसला नाही. रस्ता विचारला तेव्हा उसाला पाणी देणाऱ्या मावशी म्हणाल्या, "पांढरी बघायला आलाय व्हय?" पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची राखट माती. त्यांनी हाताने दिशा दाखवली आणि परत दारं धरायला गेल्या.

आई बांधावरच्या बाभळीखाली बसली. मी ढेकळांतून एक खापर उचललं: लाल, वर काळ्या रंगाच्या दोन तिरप्या रेघा. जोर्वे पद्धतीचं, म्हणजे ताम्रपाषाण काळातलं असं काळ्या रेघांचं लाल भांडं इतकं पक्कं भाजलेलं असतं की नखाने टिचकी मारली तरी खण्ण वाजतं. हेही वाजलं. आईच्या कानापाशी नेऊन वाजवलं आणि मग मला चेव आला. सगळं सांगायला लागले. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण निघाला, त्यात चाळिशीचा पुरुष बसवलेला, सोबत लांब वल्ह्यांची नाव रंगवलेलं मडकं. ("रांजणगावहून आलो ते बरं झालं," आई म्हणाली.) त्याचे पाय शाबूत होते, म्हणून तो गावचा प्रमुख असावा म्हणतात. बाकी वयाने मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखाली पाय तोडायचे.

"का?"

"भूत होऊन निघून जाऊ नये म्हणून, असा अंदाज आहे."

"अंदाज कसला, तेच असणार."

मग लहान मुलांचं सांगितलं. मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, मूल त्यांच्या आत, आणि राहत्या घराच्याच जमिनीत खड्डा करून पुरायचं. अशी मडकी मी डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात पाहिली आहेत. काचेआड ती फार लहान वाटतात.

"घरात? आणि वर?"

"वर काय, राहायचे."

आईने पदर हलवायचा थांबवला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "म्हणजे दर वेळी सारवताना त्यावरनं हात फिरायचा."

मी या इनामगाववर बरंच वाचलंय. प्रेताचं डोकं उत्तरेला, मडक्यांचे घाट, थर, सगळं तोंडपाठ. जमिनी शेणाने सारवलेल्या होत्या हेही वाचलं होतं. पण सारवणारी बाई कोण, तिचा हात त्या जागेवर आल्यावर काय करत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. आईने लग्न होईपर्यंत माहेरची ओसरी सारवली आहे. तिने मला बसल्या बसल्या दाखवलं, उजव्या हाताची अर्धगोल फेर, कोपऱ्यात जरा दाब. मी पाणी प्यायले आणि गप्प बसले.

निघताना खापर खिशात टाकलं. खरं सांगते, टाकलं. असं उचलू नये हे इतरांना सुनावणारी मीच. आईने पाहिलं. "मढ्याच्या घरचं घेऊन गणपतीला चाललीस?" मुकाट्याने परत ढेकळांत ठेवलं, रेघा खाली करून.

गाडीत तिने दोनदाच तोंड उघडलं, एकदा एसी वाढवायला आणि एकदा चहाला. सिद्धटेकला भीमेच्या पाण्यात तिने आधी माझे हात धुवायला लावले, मग आपले धुतले. तिने तर काही उचललंही नव्हतं.