काढायची चप्पल

गोव्यात चप्पल पायात कमी आणि दारात जास्त असते. पाहुण्यांना हे पहिल्या दिवशी कळत नाही, फोंड्याकडची देवळं करायला निघाले की कळतं. मंगेशी, म्हार्दोळ, नागेशी, रामनाथी, कवळे. सगळी एकाच तालुक्यात, एका सकाळी आटोपण्याजोगी. म्हणजे पाच वेळा काढा, पाच वेळा घाला, आणि वाटेत कुणाकडे चहाला थांबलात तर तो उंबरठा वेगळा. पुण्यामुंबईची मंडळी नाडीचे बूट घालून येतात आणि तिसऱ्या देवळाशी "आम्ही इथूनच हात जोडतो" म्हणू लागतात. श्रद्धा कमी झालेली नसते, कंबर भरून आलेली असते. (यातले मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा हे देव १६ व्या शतकात कुठ्ठाळी, केळशी, वेर्णे सोडून इकडे आले. त्यांना घेऊन निघालेल्या माणसांच्या पायात काय होतं, हे मला फार दिवसांचं कुतूहल आहे. बहुधा काहीच नसावं.)

म्हणून प्रवासासाठी चप्पल घेताना ती किती चालेल, हा माझा पहिला प्रश्न नसतो. हात न लावता, न वाकता ती निघते का आणि तशीच परत चढते का, हे मी आधी बघते. दुकानातला मुलगा "चालून बघा" म्हणतो. मी जागच्या जागी उभी राहून काढते, घालते, पुन्हा काढते. त्याला वाटतं, बाईंना घ्यायची नाहीये.

हल्ली प्रवासाच्या नावाने घडीच्या सपाता मिळतात. कापडी, पातळ तळाच्या, सोबत छोटीशी पिशवी. पर्समध्ये मावतात, यात वाद नाही. पण जी बॅगेत सहज दुमडते ती पायाखालीही दुमडते. चपलेचं टोक आणि टाच दोन्ही हातांत धरून दाबून बघावं. बोटं जिथं सुरू होतात त्या चवड्यापाशी वाकली तर ठीक. बरोबर मधोमध, तळव्याच्या खोलगट भागाखाली मोडली, तर तिने उचलायचा भार तुमच्या पायाला उचलावा लागणार आणि संध्याकाळी पोटऱ्या बोलू लागणार. अशा सपातांची धाव रेल्वेच्या बर्थपासून बेसिनपर्यंत. आमच्याकडच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर त्या घातल्या की प्रत्येक खडा नावानिशी ओळखता येतो.

तेव्हा घडी होणारी नको, सपाट हवी. उंच टाचेची चप्पल बॅगेत कशीही ठेवली तरी कपड्यांना कोपर मारते. सपाट तळाची जोडी मात्र उलटसुलट एकमेकींवर ठेवून कालच्या वर्तमानपत्रात गुंडाळली की बॅगेच्या कडेला पुस्तकासारखी उभी राहते. विमानात हातातल्या बॅगेला सात किलोच मिळतात, त्यात चपलेने किती खावं यालाही मर्यादा आहे.

आता प्रश्न कशाची घ्यावी हा. मला विचाराल तर दिसायला कोल्हापुरीच्या जवळपास काही येत नाही. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. चामडं पाणी पितं, फुगतं, आणि कपाटात ठेवलं की आठवड्याभरात त्यावर पांढरी बुरशी धरते. कोल्हापुरी ही दिवाळीनंतरची चप्पल.

पावसात मग फोमची, ज्याला दुकानदार ईव्हीए म्हणतात. आतले बुडबुडे बंद असल्यामुळे ती पाणी शोषत नाही, वजनाला नाहीशी, ओढ्यात सुटली तर तरंगते तरी. मात्र मे महिन्यात बंद गाडीत काचेखाली विसरलात तर आकसते आणि तुमची चप्पल भाचीला होते. शिवाय शेवाळलेल्या फरशीवर यातल्या पुष्कळशा सरळ घसरतात. तिथं रबराचा तळच भरवशाचा, जड असला तरी. तळाच्या खाचा खोल आहेत का ते बोट फिरवून बघायचं, रंग नंतर.

साधी हवाई चप्पल या सगळ्यात बसते. स्वस्त, सपाट, धुवून लगेच कोरडी, आणि पट्टा खालून निसटला तर सेफ्टी पिनेवर घरापर्यंत येते. तिचा दोष एकच आणि तो मागे बसतो. पाऊल उचललं की तिची टाच खाली लोंबते, मग तळव्यावर फटकन आपटते, आणि त्या झटक्याने रस्त्यावरचा लाल चिखल पोटरीवर, परकरावर, कधीकधी थेट पाठीवर. यावर उपाय म्हणून मागे पट्टा असलेली घ्यावी, तर ती वाकल्याशिवाय निघत नाही. म्हणजे आपण परत मंगेशीच्या पायरीवर.

एप्रिल-मेपासून किनाऱ्यावर डांबराचे गोळे येऊ लागतात, ते आणखी एक. तळाला चिकटले की पाण्याने जात नाहीत, खोबरेल लावून घासावं लागतं. तशीच चप्पल बॅगेत टाकली तर सगळे कपडे काळे.

माझी पेडण्याची आते या सगळ्या चिकित्सेला हसते. "मगे, वेतोबा काय दुकानात जाऊन तळ वाकवून बघतो?" तेरेखोल नदी ओलांडून पलीकडे सिंधुदुर्गात गेलं की आरवलीचा ग्रामदेव वेतोबा. त्याला चामड्याच्या चपला वाहतात, माणसाच्या पायाला कितीतरी मोठ्या होतील एवढ्या. तो रात्री गावाभोवती फेरी मारतो आणि त्यात त्या झिजतात, अशी श्रद्धा. एवढं चालणाऱ्याला तरी मोजून माप घेऊन कुणी दिली नाही, असं आतेचं म्हणणं. मी तिला सांगते, त्याला कुणाच्या दारात काढून ठेवाव्या लागत नाहीत, आणि जत्रेच्या गर्दीत त्या कुणी पळवीत नाही. आपल्याला एक इथे आणि दुसरी चार हात लांब ठेवावी लागते, म्हणजे जोडी बघून कुणाला मोह होऊ नये.

खरेदीच्या वेळेवरूनही आमचं जमत नाही. दिवसभर उभं राहून, बसमध्ये लटकून पाय संध्याकाळी थोडे सुजतात. प्रवासात तसेच सुजणार, म्हणून माप संध्याकाळी घ्यावं हे माझं मत. आते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सकाळी आठला हजर असते, कारण बोहनीच्या वेळी भाव उतरतो. तिची चप्पल घेताना बरोब्बर बसते आणि दुपारनंतर चावते. मी दिवे लागल्यावर पोचते. तोवर विकणारा माल आवरत असतो आणि माझ्या मापाच्या फक्त गुलाबी, वर फुलपाखरू असलेल्या उरलेल्या असतात.