कल्याणगडाचा डबा: दोन खोट्या नोंदी आणि घसाऱ्यावरचे साडेचार तास

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसने शोधण्याचा खेळ. प्रत्येक डब्याचे संकेतस्थळावर एक पान असते, त्यावर डबा लपवणारा, म्हणजे त्याचा मालक, जागेचे अक्षांश-रेखांश देतो; शोधणारा डब्यातल्या वहीत सही करतो आणि पानावर ‘सापडला’ किंवा ‘सापडला नाही’ अशी नोंद करतो. साताऱ्याजवळच्या कल्याणगडावरच्या अशा एका डब्याच्या पानावर शेवटच्या दोन्ही नोंदी ‘सापडला’ अशा होत्या. ऑक्टोबरमधल्या नोंदीत ‘अक्षांश-रेखांश अगदी अचूक आहेत’ असे लिहिले होते आणि डिसेंबरमधल्या नोंदीत ‘दहा मिनिटांत काम झाले’ असे. या दोन ओळींवर विश्वास ठेवून मी आणि माझा मावसभाऊ फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीहून साताऱ्याला आलो आणि गडाच्या दरवाजाखालच्या घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावर, आम्ही साडेचार तास काढले. दोन्ही नोंदी खोट्या होत्या. ज्यांनी त्या केल्या त्यांनी डबा उघडला तर नव्हताच, आणि ते गडावर तरी गेले होते का, याचीही मला शंका आहे.

पुढचे सगळे मी जिओकॅशिंग करणाऱ्यांसाठी लिहीत आहे. बूट, पाणी, विजेरी, टोपी यांबद्दल काही सांगणार नाही. तासाभराच्या चढाने ज्याची छाती भरून येते त्याने या डब्याच्या वाटेला जाऊ नये.

साताऱ्याहून सातारारोड गावामार्गे गडाच्या पायथ्याचे नांदगिरी गाठावे. गावातून गडाची वाट मळलेली आहे आणि ती चुकत नाही. सकाळी साडेसातला चढायला लागून आम्ही नऊच्या सुमारास पहिल्या दरवाजाजवळ पोहोचलो. दरवाजातून आत गेले की पाण्याने भरलेली गुहा लागते आणि आत पार्श्वनाथाची मूर्ती आहे. गडावर येणारे बहुतेक जण याच गुहेसाठी येतात. गुहेत जीपीएस मिळत नाही, त्यामुळे डबा आत असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि मोबाईलवरचा बाणही दरवाजाच्या अलीकडे, वाटेच्या उजव्या अंगाला, बेचाळीस मीटर खाली दाखवत होता.

त्या उजव्या अंगाला मुरमाचा घसारा आहे. पावसाळ्यात वाढलेले गवत फेब्रुवारीपर्यंत वाळून आडवे पडते, त्याच्याखाली सुटे खडे असतात आणि पाऊल टाकले की गवतासकट माणूस खाली सरकतो. धरायला झाड नाही. जी दोन-तीन झुडपे दिसतात ती मुळासकट हातात येतात. पानावर भूभागाची श्रेणी पाचपैकी दोन दिलेली होती. दोन म्हणजे सरळ, मळलेली, थोडा चढउतार असलेली वाट. या उताराला चारपेक्षा कमी श्रेणी देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. मावसभाऊ पहिल्याच पंधरा मिनिटांत घसरला आणि त्याचा उजवा गुडघा सोलवटला. तरीही आम्ही परत फिरलो नाही, कारण दोन महिन्यांपूर्वीच कुणाला तरी तो दहा मिनिटांत सापडला होता, आणि ज्या अर्थी त्यांना सापडला त्या अर्थी आपणच कुठेतरी कमी पडतो आहोत, असे आम्हाला वाटत राहिले.

खोट्या नोंदीने होणारे खरे नुकसान हेच आहे. ती माणसाची स्वतःच्या डोळ्यांवरची श्रद्धा काढून घेते. समोरचा उतार धोक्याचा आहे हे दिसत असते, इथे डबा टिकणे शक्य नाही हेही कळत असते, आणि तरी आपण पुन्हा खाली उतरतो.

कड्याखाली जीपीएसचा बाण स्थिर राहत नाही, हेही नवख्यांनी समजून घ्यावे. मोकळ्या आकाशाखाली चांगला मोबाईल तीन ते पाच मीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो, पण एका बाजूला उभा कातळ असला की निम्मे उपग्रह त्याच्या आड जातात, उरलेल्यांचे संकेत कातळावर आपटून उशिरा पोहोचतात आणि बाण वीस-तीस मीटर इकडेतिकडे भरकटतो. अशा ठिकाणी बाणामागे धावण्यात अर्थ नसतो; मोबाईल खिशात ठेवून, डबा लपवणाऱ्याने कुठे ठेवला असता, याचा विचार करावा. आकडे स्वतः टाकणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. या खेळात अंश आणि दशांश मिनिटे वापरतात. 45.500 मिनिटे म्हणजे 45 मिनिटे 30 सेकंद. ते कुणी 45 मिनिटे 50 सेकंद असे वाचले तर अक्षांशात सहाशे मीटरांहून अधिक फरक पडतो. आम्ही आकडे तीनदा तपासले. चूक तिथे नव्हती.

अकराच्या सुमारास वरच्या वाटेवरून शेळ्या घेऊन एक म्हातारे गृहस्थ चालले होते. ते थांबले आणि बराच वेळ आमच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “काय हुडकताय पाव्हणं? गुप्तधन हाय व्हय तितं?” त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. किल्ल्यांवर आणि जुन्या देवळांजवळ गुप्तधनासाठी खणणारे लोक आपल्याकडे खरोखरच येतात आणि गावकऱ्यांचा त्यांच्यावर राग असतो, तो रास्तच आहे. खेळाबाहेरच्या माणसाला डब्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, हा जगभरचा शिरस्ता आहे आणि शहरातल्या बागेत तो ठीकही आहे, परंतु आपल्या गडांवर तो जसाच्या तसा पाळणे मला चुकीचे वाटते. मी वर चढून गेलो, “मामा, गुप्तधन नाही, हा एक खेळ आहे,” असे म्हणून त्यांना मोबाईलवरचे पान दाखवले, पिशवीतला दुसऱ्या ठिकाणी लपवण्यासाठी आणलेला रिकामा डबा आणि वही दाखवली. जमीन खणायची नाही, हा या खेळाचाच नियम आहे, हेही सांगितले. त्यांनी वही उलटून पालटून पाहिली आणि म्हणाले, “मग खाली कशाला मरताय? पावसात तितली माती समदी वाहून गेली.” त्यांचे म्हणणे ऐकून आम्ही तेव्हाच वर यायला हवे होते. आम्ही आणखी अडीच तास खालीच राहिलो.

पावणेदोनला पाणी संपत आले तेव्हा वर आलो. मावसभाऊ थकला होता, तो म्हणाला, “दादा, आपल्याकडचा डबा इथेच ठेवू, त्यात सह्या करू आणि जाऊ.” असे करणारे खूप आहेत. मूळ डबा सापडला नाही की मालकाला न विचारता स्वतःचा डबा ठेवायचा आणि ‘सापडला’ म्हणून मोकळे व्हायचे. पुष्कळदा मूळ डबा तिथेच असतो, मग एका जागी दोन डबे होतात आणि पुढच्याला आपण नेमके काय शोधले तेच कळत नाही. मी नाही म्हणालो, त्यावरून आमचे थोडे वाजलेही.

भाकरी खायला वाटेच्या कडेला बसलो असताना मावसभावाला समोरच्या मोठ्या दगडाच्या बुडाशी चार चपटे दगड एकावर एक नीट रचलेले दिसले. निसर्गात दगड असे बसत नाहीत. हे दगड गडाच्या बांधकामातले नाहीत ना, ते आधी पाहिले. तटाचा, पायरीचा किंवा मूर्तीजवळचा एकही दगड डब्यासाठी हलवू नये आणि तशा जागी कुणी डबा लपवला असेल तर तो न उघडता मालकाला कळवावे. हे दगड सुटे, तटापासून लांब होते. त्यांच्या मागे डबा होता. पानावरच्या जागेपासून बेचाळीस मीटर वर आणि आम्ही सकाळी बूट घट्ट करायला थांबलो होतो तिथून जेमतेम सहा पावलांवर.

नोंदवही उघडली आणि सगळा उलगडा झाला. शेवटची नोंद खुद्द मालकाची, तीन वर्षांपूर्वीची होती: पावसाळ्यात खालची जागा खचली म्हणून डबा वर आणला आहे. त्याखालचे पान कोरे होते. ऑक्टोबरची सही नाही, डिसेंबरची सही नाही. वहीत सही केल्याशिवाय ‘सापडला’ लिहायचे नाही, हा या खेळाचा पहिला नियम आहे, आणि तो पाळला असता तर आमचा दिवस आणि मावसभावाचा गुडघा वाचला असता. मालकाचीही चूक आहेच. जागा 161 मीटरांच्या आत बदलली असेल तर पानावरचे अक्षांश-रेखांश मालकाला स्वतःच दुरुस्त करता येतात, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. पाच मिनिटांचे काम तीन वर्षे राहिले. तरी मी त्याला खोट्या नोंदी करणाऱ्यांच्या रांगेत बसवणार नाही, कारण तो निदान गड चढून आला होता आणि त्याने वहीत खरे लिहिले होते.

घरी आल्यावर कऱ्हाडच्या एका मित्राला हे सांगितले, तर तो शांतपणे म्हणाला, “अरे, मी दिवाळीत त्याच घसाऱ्यावर दोन तास होतो, मिळाला नाही.” त्याने ‘सापडला नाही’ अशी नोंद का केली नाही, असे विचारल्यावर त्याने कमीपणा वाटला म्हणून सांगितले. मला त्या क्षणी त्याचा फार राग आला आणि तो राग अजून पूर्ण गेलेला नाही. ‘सापडला नाही’ ही नोंद म्हणजे हार नव्हे, ती मालकाला आणि मागून येणाऱ्याला दिलेली खबर आहे. त्याची ती एक ओळ पानावर असती तर आम्ही डिसेंबरच्या नोंदीकडे संशयाने पाहिले असते, मालकाला आधी विचारले असते. मी स्वतः आजवर सव्वीस वेळा ‘सापडला नाही’ लिहिले आहे आणि प्रत्येक वेळी किती वेळ, कुठे आणि कोणत्या उजेडात शोधले तेही लिहिले आहे.

डब्यातली अवस्था वाईट होती. कुणीतरी टॉफ्या ठेवल्या होत्या. त्या उन्हाने वितळून वहीच्या दोन पानांना चिकटल्या होत्या आणि सगळीकडे मुंग्या होत्या. 3 मे 2000 रोजी अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये डेव्ह उल्मर यांनी पहिला डबा ठेवला, तेव्हा त्यात घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद टिन होता, हे खरे आहे. त्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकेने जीपीएसच्या संकेतातली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली होती आणि सगळेच नवे होते. आज खाण्याचा पदार्थ डब्यात ठेवायला मनाई आहे, कारण वासाने जनावर येते आणि डबा फोडते. ज्याला काही ठेवायचे असेल त्याने पेन्सिल, नाणे किंवा बिल्ला ठेवावा, आणि जे घेतले त्याच तोलाचे ठेवावे. पानावर या डब्यात एक क्रमांकाचा प्रवासी बिल्ला असल्याचे दिसत होते. तो नव्हता. असा बिल्ला एका डब्यातून दुसऱ्यात पुढे नेण्यासाठी असतो. ज्याला पुढे नेणे जमणार नाही त्याने तो उचलू नये.

आम्ही मुंग्या झटकल्या, पाने पुसली, वहीला नवी झिपची पिशवी घातली, सही करून डबा होता तसा आणि होता तिथेच ठेवला. पाच वाजता खाली आलो. जीपवाल्याला आम्ही बारापर्यंत येतो म्हणून सांगितले होते. त्याने थांबण्याचे सातशे रुपये जास्त मागितले. मावसभाऊ भांडायच्या तयारीत होता, पण त्या माणसाचे पाच तास आमच्यामुळे गेले होते, मी पैसे दिले. तुम्ही जीप केलीत तर थांबण्याचा दर तासावर आधीच ठरवा, किंवा सरळ एसटीने जा आणि परतीच्या गाडीची वेळ सकाळीच विचारून ठेवा.

उरलेल्या दोन दिवसांत अजिंक्यतारा आणि लिंबची बारा मोटेची विहीर झाली. दोन्ही सोपे, दोन्ही सुंदर, अडचण काहीच आली नाही. अजिंक्यताऱ्यावर पहाटे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, तिथे शोध दुपारी घ्यावा, इतकेच.

त्या कऱ्हाडच्याच मित्राने कास पठारावर सगळे मिळून एक डबा लपवू या, असे सुचवले. मी स्पष्ट नकार दिला आणि इथेही तेच सांगतो. जांभ्याच्या कातळावर जेमतेम बोटभर माती आहे, तीत ती फुले येतात, आणि 2012 पासून कास हे पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळाचा भाग आहे. डबा ठेवला की शोधणाऱ्यांच्या पायवाटा पडतात. आठवड्याला दोन माणसे आली तरी वर्षभरात कातळ उघडा पडेल. कुणाला हौसच असेल तर ‘अर्थकॅश’ करावा. त्यात डबा नसतो. ठरलेल्या जागी उभे राहून बेसाल्टवर जांभा कसा तयार झाला, यासारख्या प्रश्नांची उत्तरे मालकाला पाठवायची असतात. तेही रस्त्याच्या कडेवरून दिसेल अशा जागी.

कल्याणगडाच्या पानावर मी ‘सापडला’ आणि ‘मालकाने लक्ष घालावे’ अशा दोन्ही नोंदी केल्या. नोंदवहीच्या कोऱ्या पानाचे छायाचित्र मात्र पानावर न टाकता मालकाला खासगीत पाठवले, कारण त्यात कुणाच्या सह्या नाहीत ते दिसते आणि खोट्या नोंदी काढायचा अधिकार त्याचा आहे, माझा नाही. आठव्या दिवशी त्याचे उत्तर आले. अक्षांश-रेखांश त्याने दुरुस्त केले आहेत, आणि डिसेंबरची नोंद काढली आहे. ऑक्टोबरच्या माणसाने आपण डबा लांबून पाहिला होता असे त्याला कळवले आहे, आणि ती नोंद हे लिहीपर्यंत तशीच आहे. तिच्यावर जाऊ नका. नव्या जागेसाठी मळलेल्या वाटेवरून एक पाऊलही खाली उतरावे लागत नाही.